निमव्यावसायिक फुटबॉल क्लबचा इतिहास कसा लिहावा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोठ्या क्लबांचा इतिहास सहसा हरवत नाही. तो शंभर जणांनी शंभर ठिकाणी लिहून ठेवलेला असतो. ज्या क्लबचे खेळाडू दिवसा नोकरी करतात, संध्याकाळी सरावाला येतात आणि सामन्यागणिक मानधन घेतात, त्या क्लबचे तसे नसते. त्याचे सगळे दप्तर बहुधा एकाच माजी चिटणिसांच्या घरात, एखाद्या ट्रंकेत किंवा माळ्यावर असते. घर बदलले, रंगकाम निघाले, की तीस वर्षांचे कागद एका दिवसात रद्दीत जातात. म्हणून हे काम सवडीने करण्याचे नाही. आपल्या प्रादेशिक क्लबचा इतिहास नीट मांडू पाहणाऱ्या कार्यकर्त्यांना पडणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरे पुढे दिली आहेत.

सुरुवात कुठून करावी? पहिले प्रकरण लिहायला घेऊ का?

नको. आधी सामन्यांची यादी करा. क्लबने आजवर खेळलेला प्रत्येक सामना, एका सामन्याला एक ओळ. गोष्टी, आठवणी, गौरव हे सगळे नंतर. यादी नसताना लिहिलेल्या इतिहासात एकच विजय तीन वेगवेगळ्या हंगामांत सांगितलेला सापडतो, आणि एकदा छापला की तो पुसता येत नाही.

कामाचा आवाका आधीच मोजून घ्या. हंगामात लीगचे ३० आणि चषकाचे १० सामने धरले, तर सामन्यांच्या ४० ओळी आणि खेळाडूंच्या किमान ४४० नोंदी होतात. पन्नास हंगामांच्या मिळून बावीस हजार, तेही बदली खेळाडू सोडून. हे ऐकून धीर सोडू नका; एका वेळी एकच हंगाम घ्या. ज्या हंगामाची कागदपत्रे सर्वांत धड आहेत, तो पहिला. स्थापनेच्या वर्षापासून ओळीने जाऊ लागलात, तर पहिल्याच वर्षी अडकाल, कारण सर्वांत जुनी कागदपत्रेच सर्वांत विरळ असतात.

यादीत कोणते रकाने ठेवावेत?

चार वेगळे तक्ते करा: सामने, खेळाडू, कोणत्या सामन्यात कोण खेळले याची नोंद, आणि स्रोत.

सामन्यांच्या तक्त्यात क्रमांक, तारीख, हंगाम, स्पर्धा, फेरी, घरचे मैदान की बाहेरचे की त्रयस्थ, मैदानाचे नाव, प्रतिस्पर्धी, आपले गोल, त्यांचे गोल, मध्यंतराचा गोलफलक, जादा वेळ झाला का, टायब्रेकरचा निकाल, प्रेक्षकसंख्या आणि स्रोताचा क्रमांक. शेवटी ‘खात्री’ नावाचा एक रकाना हवाच: दोन स्वतंत्र स्रोत जुळले तर ‘अ’, एकच असेल तर ‘ब’, केवळ कुणाच्या आठवणीवरून असेल तर ‘क’. हा रकाना ठेवायचा लोक कंटाळा करतात आणि पाच वर्षांनी कोणता आकडा कुठून आला हे कुणालाच सांगता येत नाही.

टायब्रेकरचे गोल सामन्याच्या गोलांत मिळवू नका. १-१ नंतर टायब्रेकरमध्ये ४-३ जिंकलेला सामना हा १-१ बरोबरीचाच सामना. पुढची फेरी गाठली ही नोंद वेगळी.

प्रत्येक खेळाडूला क्रमांक द्या आणि बाकी तक्त्यांत नावाऐवजी तो क्रमांक वापरा. उद्या नावाचे शुद्धलेखन बदलायचे ठरले, तर एकाच ठिकाणी बदलावे लागेल.

स्प्रेडशीटमध्ये भरलेल्या तारखा आणि गोलफलक आपोआप बदलतात. असे का?

एका घरात ‘३-१’ असे लिहिले, की एक्सेल त्याला तारीख समजून ३ जानेवारी किंवा १ मार्च करून टाकते. म्हणून आपले आणि त्यांचे गोल नेहमी दोन वेगळ्या रकान्यांत भरावेत.

तारखेचे आणखी तीन घोटाळे आहेत. १ जानेवारी १९०० च्या आधीची तारीख एक्सेल तारीख म्हणून स्वीकारतच नाही, ती नुसता मजकूर होऊन बसते आणि क्रमवारी लावताना भलतीकडे जाते. वर्ष दोनच अंकी लिहिले, तर ‘२५’ चे २०२५ होते, १९२५ नाही. आणि संगणकाची मांडणी अमेरिकी असेल तर ५ सप्टेंबरचा सामना ९ मे रोजी जाऊन पडतो. यावर उपाय म्हणजे वर्ष, महिना, दिवस असे तीन वेगळे रकाने ठेवणे, किंवा रकाना आधी ‘मजकूर’ करून १९३८-०९-०५ अशा क्रमाने तारीख लिहिणे. भरायला थोडे जास्त लागते, पण क्रम कधीच बिघडत नाही.

कागदपत्रे मिळतात कुठे?

पहिला शोध क्लबच्या आतच घ्यावा: कार्यकारिणीची इतिवृत्ते, वार्षिक अहवाल, जमाखर्चाच्या वह्या, पावती पुस्तके, खेळाडू नोंदणीचे फॉर्म, सामनापत्रिका, रौप्यमहोत्सवी स्मरणिका. स्मरणिकेतला इतिहास जपून वापरा. बऱ्याचदा तो आधीच्या स्मरणिकेतून उतरवलेला असतो, त्यामुळे तीन स्मरणिकांत एकच गोष्ट आली म्हणजे तीन पुरावे झाले असे होत नाही.

मग संघटनेचे दप्तर: जिल्हा किंवा प्रादेशिक संघटना, लीगचे कार्यालय, पंचांची संघटना. शिस्तपालन समितीच्या नोंदी फार कामाच्या असतात. ज्या सामन्याची बातमी छापून आली नाही, त्याची तारीख आणि संघ तिथे एखाद्या निलंबनामुळे सापडतो. प्रतिस्पर्धी क्लबांना विसरू नका. तुमच्या अर्ध्या सामन्यांच्या नोंदी त्यांच्याकडे आहेत.

संघ एखाद्या कंपनीचा असेल तर घाई करा. कंपनीने संघ बंद केला की क्रीडा विभागाच्या फायली जपायला कुणी उरत नाही. भारतात महिंद्र युनायटेड २०१० मध्ये आणि जेसीटी २०११ मध्ये बंद झाले. राष्ट्रीय लीग जिंकलेले क्लब जिथे असे थांबतात, तिथे स्थानिक कंपनी संघाच्या कागदांचे काय होत असेल याचा विचार करा.

इतिवृत्ताची वही हाती लागली तर त्याच दिवशी तिचे फोटो काढा, पानन् पान, कोरी पानेसुद्धा. १८५७ मध्ये स्थापन झालेल्या शेफील्ड एफसीची जुनी कागदपत्रे, त्यांत हस्तलिखित नियमही, २०११ मध्ये लिलावात ८,८१,२५० पौंडांना विकली गेली. असा भाव सगळ्यांना येत नाही. पण वही कधी ना कधी क्लबच्या हातून जाऊ शकते, आणि प्रत मागे राहिली पाहिजे.

वर्तमानपत्रातील बातमी ग्राह्य धरावी का?

हो, पण एकाच अंकावर थांबू नका. शनिवारी संध्याकाळी निघणाऱ्या जुन्या क्रीडा पुरवण्यांत सामना संपण्याआधीच मजकूर छापायला जात असे. अशा बातमीत पहिल्या अर्ध्या तासाचे बारीकसारीक वर्णन असते आणि शेवटच्या वीस मिनिटांना दोन ओळी. शेवटच्या मिनिटाचा गोल त्यात राहून जातो, किंवा भलत्याच्या नावावर पडतो. सोमवारचा अंक पाहा, आणि पुढच्या आठवड्याचा गुणतक्ताही पाहा. तक्त्यातले गोल बातमीशी जुळत नसतील तर कुठेतरी दुरुस्ती झालेली असते.

आणखी एक: सामन्याआधी छापलेला संघ आणि प्रत्यक्ष खेळलेला संघ हे एक नसतात. शुक्रवारच्या अंकातली अकरा नावे नोंदीसाठी वापरूच नका. कार्यक्रमपत्रिकेतल्या तारखेचेही तसेच. पावसाने पुढे ढकललेला सामना तिथे मूळ तारखेलाच दिसतो.

जुन्या इंग्रजी बातम्यांत नावांचा क्रम ठरलेला असे: गोलरक्षक, दोन बचावपटू, तीन मधल्या फळीतले, पाच आघाडीचे, प्रत्येक फळी उजवीकडून डावीकडे. २-३-५ रचनेमुळे हे होते. त्यामुळे नुसत्या नावांच्या यादीवरून कोण कुठे खेळला ते कळते. इंग्लिश फुटबॉल लीगने जर्सीवर क्रमांक सक्तीचे केले ते १९३९ मध्ये, आणि लहान लीगमध्ये ते त्याहून उशिरा पोचले. त्याआधीच्या काळासाठी हा क्रमच तुमचा आधार आहे.

स्थापनेचे वर्ष कोणते धरावे?

सर्वांत जास्त भांडणे याच प्रश्नावर होतात. चार वेगवेगळ्या तारखा असू शकतात: पहिली बैठक, पहिला सामना, संघटनेकडे नोंदणी आणि कायदेशीर नोंदणी. चारही शोधा, चारही छापा, आणि क्लब कोणती मानतो व का, ते एका वाक्यात सांगा.

हा पेच नावाजलेल्या क्लबांनाही सुटलेला नाही. नॉट्स काउंटी १८६२ सांगतो, पण रीतसर घडण १८६४ ची. स्टोक सिटीच्या बोधचिन्हावर १८६३ आहे, तर अभ्यासकांना सापडलेले पुरावे १८६८ कडे बोट दाखवतात. बोधचिन्हावरचे साल हा पुरावा नव्हे. ते साल शोभेसाठी पुष्कळ नंतर घातलेले असते, आणि मग सगळे त्याचाच दाखला देतात.

शतकमहोत्सव जवळ आला की वर्ष मागे ओढायचा मोह होतो. लेखी पुरावा नसेल तर त्याला हात लावू नका.

नाव बदलले, दोन क्लब एक झाले, बंद पडून पुन्हा सुरू झाला. इतिहास एकच की वेगळा?

नुसता नावबदल असेल तर एकच. त्या त्या काळी जे नाव होते तेच त्या प्रकरणात वापरा. आजचे नाव मागे नेऊन चिकटवू नका.

विलीनीकरणासाठी वंशवृक्ष काढावा लागतो. लंडन परिसरातील डॅगनम अँड रेडब्रिजचे उदाहरण घ्या. १९७९ मध्ये लेटनस्टोन आणि इलफर्ड एक झाले, १९८८ मध्ये त्यांत वॉल्थमस्टो अव्हेन्यू मिसळला, १९८९ मध्ये नाव रेडब्रिज फॉरेस्ट झाले आणि १९९२ मध्ये डॅगनमशी विलीनीकरण होऊन आजचा क्लब उभा राहिला. लेटनस्टोन, इलफर्ड, वॉल्थमस्टो हे तिन्ही एफए अमॅच्युअर कप (इंग्लंडमधील हौशी क्लबांचा चषक) जिंकलेले क्लब. ती जेतेपदे आजच्या क्लबच्या खात्यात मिळवायची का? आमचे मत स्पष्ट आहे: वंशवृक्षात पूर्वजांच्या नावासमोर लिहा, आजच्या क्लबच्या एकूण बेरजेत धरू नका. पूर्वजांचा मान त्याने कमी होत नाही, उलट त्यांचे नाव टिकते.

बंद पडलेल्या क्लबबाबत सर्वांत मोठी फसगत नावाच्या सारखेपणाने होते. १८८८ मध्ये इंग्लिश फुटबॉल लीगची सुरुवात करणाऱ्या बारा क्लबांत अ‍ॅक्रिंग्टन होता. तो १८९६ मध्ये बंद पडला. अ‍ॅक्रिंग्टन स्टॅन्ली हा वेगळा क्लब, तो १९६२ मध्ये लीगमधून बाहेर पडला. आज खेळतो तो अ‍ॅक्रिंग्टन स्टॅन्ली १९६८ मध्ये नव्याने उभा राहिलेला. गाव एक, नाव जवळजवळ एक, क्लब तीन. सातत्य ठरवताना चार गोष्टी तपासा: संघटनेकडचे सदस्यत्व पुढे चालले का, मैदान तेच होते का, पदाधिकारी आणि खेळाडू किती आले, आणि जुने देणे कुणी फेडले. शेवटचा मुद्दा बहुतेक जण विसरतात. जुने कर्ज ज्याने आपले मानले नाही, त्याला जुनी जेतेपदे आपली म्हणणे अवघड जाते.

अर्धवट राहिलेले हंगाम आणि रद्द झालेले सामने मोजायचे का?

दोन स्वतंत्र बेरजा ठेवा: ‘खेळलेले’ आणि ‘अधिकृत’. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध सुरू झाले तेव्हा फुटबॉल लीगचे दोन-तीनच सामने झाले होते. ते अधिकृत नोंदीतून वगळले गेले. अ‍ॅक्रिंग्टन स्टॅन्लीने १९६२ मध्ये हंगामाच्या मधेच माघार घेतली, तेव्हा त्यांच्याशी झालेले सगळ्यांचे सामने पुसले गेले. २०१९-२० मध्ये करोनामुळे इंग्लंडमध्ये नॅशनल लीगच्या (फुटबॉल लीगच्या लगेच खालची लीग) विभागांहूनही खालच्या लीगचे हंगाम निकालांसकट रद्द झाले. पण ज्याने त्या सामन्यात गोल केला, तो गोल झालाच होता. ‘खेळलेले’ या बेरजेत तो राहिला पाहिजे, आणि तळटीपेत कारण.

वॉकओव्हर (प्रतिस्पर्धी न उतरल्याने न खेळता विजय) मिळालेला सामना गुणतक्त्यात येतो, खेळाडूंच्या सामन्यांत येत नाही. मित्रत्वाचे सामने वेगळ्या यादीत. अर्धवट थांबलेला सामना पुन्हा खेळवला गेला असेल तर पहिला ‘थांबलेला’ म्हणून नोंदवा, पुसू नका.

जुना गुणतक्ता आम्ही मांडला, पण क्रम छापील तक्त्याशी जुळत नाही. कुठे चुकले?

बहुधा तुम्ही आजचा नियम लावला. इंग्लिश फुटबॉल लीगमध्ये विजयाला तीन गुण १९८१ पासून आहेत, विश्वचषकात १९९४ पासून; त्याआधी दोन. प्रादेशिक आणि इतर लहान लीगचे नियम आणखी निराळे असू शकतात. इंग्लंडच्या अलायन्स प्रीमियर लीगमध्ये १९८३ ते १९८६ हे तीन हंगाम घरच्या विजयाला दोन आणि बाहेरच्या विजयाला तीन गुण होते. ही गोष्ट माहीत नसेल तर त्या तक्त्याशी कितीही झटापट करा, बेरीज लागणार नाही.

गुण सारखे असतील तर गोल सरासरी (केलेले गोल भागिले खाल्लेले गोल) की गोल फरक (केलेले वजा खाल्लेले), हे पाहा. फुटबॉल लीगमध्ये १९७५-७६ पर्यंत सरासरी होती. समजा एका संघाचे गोल ६०-३०, दुसऱ्याचे ४५-२०. फरकाने पहिला पुढे (३० विरुद्ध २५), सरासरीने दुसरा पुढे (२.०० विरुद्ध २.२५). अपात्र खेळाडू खेळवल्याबद्दल गुण कापले होते का, तेही बघा.

आकडे बरोबर आहेत हे कसे ताडून पाहावे?

हंगामवार पाच बेरजा करा.

१. आपण केलेले एकूण गोल = सर्व खेळाडूंच्या गोलांची बेरीज + प्रतिस्पर्ध्यांचे स्वयंगोल.
२. सुरुवातीच्या अकरांतील उपस्थितीची बेरीज = सामने × ११. तीस सामन्यांना ३३०. आकडा ३२९ आला तर एका सामन्यात एक नाव सुटले आहे. ३३१ आला तर बदली खेळाडू सुरुवातीच्या अकरांत घुसला आहे. (फुटबॉल लीगमध्ये बदली खेळाडूची मुभाच १९६५-६६ पासून, संघ दहांनी उतरला असेल तर तशी नोंद हवी.)
३. पूर्ण गुणतक्त्यात सर्वांचे विजय = सर्वांचे पराभव.
४. सर्वांनी केलेले गोल = सर्वांनी खाल्लेले गोल.
५. दोन गुणांच्या काळात एकूण गुण = सामन्यांच्या दुप्पट. सोळा संघ, दुहेरी फेरी म्हणजे २४० सामने, ४८० गुण.

चौथी बेरीज छापील तक्त्यांतही वरचेवर चुकलेली आढळते. तेव्हा तुमची नोंद खात्रीची असेल तर ती तशीच ठेवा आणि छापील आकडा शेऱ्यात द्या.

एकाच आडनावाचे अनेक खेळाडू आहेत. वेगळे कसे करावेत?

भाऊ-भाऊ, काका-पुतणे, बाप-लेक एकाच क्लबकडून खेळणे या पातळीवर नेहमीचेच. नोंदणी फॉर्मवरील जन्मतारीख हा सर्वांत पक्का धागा. तो नसेल तर जागा बघा: उजवा बचावपटू अचानक एका सामन्यात गोलरक्षक झाला, तर बहुधा तो दुसराच कुणी आहे. एकाच खेळाडूची कारकीर्द पंचवीस वर्षांची दिसू लागली की समजा, दोन माणसे एका ओळीत आली.

नाव लपवण्याचीही पद्धत असे. चाचणीसाठी आलेला खेळाडू स्कॉटलंडमध्ये संघयादीत नुसता ‘ट्रायलिस्ट’ म्हणून छापला जाई, इंग्लंडमध्ये ‘ए. एन. अदर’. या नावाचा कुणी खेळाडू नव्हता, पण कच्च्या तक्त्यांत तो खेळाडू म्हणून नोंदला जातो.

क्लब ‘हौशी’ होता, तरी वहीत पैसे दिल्याच्या नोंदी आहेत. काय लिहावे?

जे वहीत आहे तेच लिहा. हौशी खेळाडूंना गुपचूप पैसे देण्याची रीत इंग्लंडमध्ये इतकी रुळली होती की तिला ‘बूट मनी’ असे नावच पडले. इंग्लिश फुटबॉल असोसिएशनने १९७४ मध्ये हौशी-व्यावसायिक हा भेदच काढून टाकला आणि अमॅच्युअर कपची शेवटची अंतिम लढतही त्याच वर्षी झाली: बिशप्स स्टॉर्टफर्डने इलफर्डला ४-१ असे हरवले. १९७४ नंतर अचानक क्लब ‘निमव्यावसायिक झाला’ असे दिसते, त्यामागे पुष्कळदा कागदावरचा शब्द बदलणे एवढेच असते.

जमाखर्चात ‘प्रवासभत्ता’ सगळ्यांना सारखाच, घरच्या सामन्यालाही आणि मैदानाशेजारी राहणाऱ्यालाही दिलेला दिसला, तर तो प्रवासभत्ता नव्हे. असे सरळ सांगता येते. पण हयात व्यक्तींची नावे आणि रकमा जोडून छापू नका. ‘प्रत्येकी इतके’ एवढे पुरे. रक्कम त्या काळच्या मजुरीशी किंवा सामन्याच्या तिकिटाशी ताडून दिलीत, तर वाचकाला तिचे मोल कळते.

एकाच खेळाडूची हौशी-व्यावसायिक स्थिती कारकिर्दीत बदलते, हेही लक्षात असू द्या. वॉरन ब्रॅडली पेशाने शिक्षक. मँचेस्टर युनायटेडच्या संघाला घेऊन जाणाऱ्या विमानाच्या म्युनिक अपघातानंतर १९५८ मध्ये ते बिशप ऑकलंड या हौशी क्लबातून त्या संघाच्या मदतीला गेले आणि १९५९ मध्ये इंग्लंडच्या मुख्य संघातून खेळले.

फोटोवर तारीख नाही. वर्ष कसे ओळखावे?

खेळाडूंचे चेहरे शेवटी बघा, आधी मैदान. पेनल्टी क्षेत्राबाहेरची अर्धवर्तुळाकार रेषा दिसते का? ती १९३७ मध्ये आली. गोलजाळी १८९१ पासून. गोलरक्षकाची जर्सी बाकीच्यांहून वेगळ्या रंगाची असेल तर फोटो बहुधा १९०९ नंतरचा. काळ्या-पांढऱ्या ३२ तुकड्यांचा चेंडू १९७० च्या विश्वचषकाने जगभर पोचवला.

जर्सीवर प्रायोजकाचे नाव असेल तर सहसा १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धानंतरचा. ब्रिटनमधली पहिली अशी जर्सी एका निमव्यावसायिक क्लबने घातली: केटरिंग टाउन, २४ जानेवारी १९७६, बाथ सिटीविरुद्ध, छातीवर ‘केटरिंग टायर्स’. असोसिएशनने हरकत घेतली तेव्हा क्लबने शेवटची अक्षरे काढून ‘केटरिंग टी’ ठेवले आणि हा ‘टी’ टाउनचा आहे असे सांगितले. तेही चालू दिले नाही. परवानगी १९७७ मध्ये आली.

हे सगळे फक्त ‘याच्या आधीचा नाही’ एवढेच सांगते. जुन्या जर्सी राखीव संघाला वर्षानुवर्षे पुरत, त्यामुळे जर्सीवरून वरची मर्यादा ठरवू नका.

कागद आणि फोटो कसे जपावेत?

लॅमिनेशन करू नका. ते परत निघत नाही. चिकटपट्टी नको. टाचण्या आणि स्टेपलच्या पिना गंजतात, त्या हळूच काढा. चिकट पानांचे फोटो अल्बम सर्वांत वाईट. फोटो निघत असतील तर आजच काढा, निघत नसतील तर अल्बममध्येच स्कॅन करा, ओढू नका. पीव्हीसीच्या पिशव्या टाळा, पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिस्टर चालते. फोटोच्या मागे बॉलपेनने लिहिले की समोर वळ उठतो. मऊ पेन्सिलने, कडेला, हलक्या हाताने लिहा.

फोटो ६०० डीपीआयवर (एका इंचात ६०० ठिपके), कागद ३०० ते ४०० वर, ३५ मिमी निगेटिव्ह ३००० ते ४००० वर स्कॅन करा. मूळ प्रत टिफमध्ये, वापरायची जेपेगमध्ये. मूळ प्रतीत रंग-उजेड सुधारू नका. फाइलच्या नावात तारीख पुढे असावी. तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या इमारतीत.

व्हिडिओ कॅसेट कागदाच्या आधी घ्या. पट्टीला बुरशी लागते आणि ती वाजवणारी यंत्रेही मिळेनाशी होत आहेत. पट्टीवर पांढरी पूड दिसली तर यंत्रात घालूच नका.

जुन्या खेळाडूंच्या मुलाखती कशा घ्याव्यात?

‘तुमच्या आठवणी सांगा’ म्हटले की तीच ठरलेली चार वाक्ये मिळतात. त्याऐवजी त्यांच्या काळातली सामन्यांची यादी आणि दोन-चार फोटो समोर ठेवा आणि नेमके विचारा: जर्सी कोण धुवायचे? चेंडूला चरबी कोण लावायचे? बाहेरच्या सामन्याला किती वाजता निघायचे, आणि कामावरून सुट्टी कशी मिळायची? बूट फाटला तर पैसे कुणाचे? या प्रश्नांना खरी माहिती येते, कारण ही उत्तरे कुणी पाठ केलेली नसतात.

एका बैठकीला तास-दीड तास पुरे. एका वेळी एकच माणूस; दोघे बसले की मोठ्या आवाजाच्या माणसाची आठवण दोघांची होते. सुरुवातीलाच नाव, तारीख आणि संमती ध्वनिमुद्रणात घ्या, कागदावर सहीही घ्या. वयाने सर्वांत मोठ्या व्यक्तीपासून सुरुवात करा. खेळाडूंइतकेच मैदान राखणारे, संघाचे सामान बघणारे, तिकिटे फाडणारे महत्त्वाचे. त्यांना आजवर कुणी विचारलेलेच नसते.

आठवण आणि नोंद जुळत नसेल तर?

दोन्ही छापा, पण आकडा नोंदीचा. हेरफर्ड युनायटेडचे पाहा. ५ फेब्रुवारी १९७२ रोजी सदर्न लीग या खालच्या पातळीच्या लीगमधल्या या क्लबने न्यूकॅसल युनायटेड या मोठ्या क्लबला एफए कपमध्ये २-१ असे हरवले. चिखलातून दुरून मारलेला रॉनी रॅडफर्डचा गोल सगळ्यांना आठवतो, इतका की तोच विजयी गोल होता असे अनेक जण शपथेवर सांगतील. तो बरोबरीचा गोल होता. विजयी गोल जादा वेळेत बदली खेळाडू रिकी जॉर्जने केला.

याच लढतीत नोंदीचा एक सापळाही आहे. ती तिसऱ्या फेरीची पुनर्लढत होती, पण खराब हवामानाने पुढे जात जात चौथ्या फेरीच्या दिवशी खेळली गेली. तारखेवरून फेरी ठरवणाऱ्याची इथे चूक होते.

‘विक्रमी प्रेक्षकसंख्या’ कशी तपासावी?

शून्यांत संपणारा आकडा दिसला की तो पत्रकाराचा अंदाज समजा. तिकीट विक्रीची रक्कम मिळाली तर तिला दराने भागा; पास, सदस्य आणि मुलांची अर्धी तिकिटे वेगळी धरा. मैदानाची त्या वर्षीची क्षमता पाहा. पण आकडा मोठा म्हणून खोटा ठरवू नका: १९५४ मध्ये क्रुक टाउन आणि बिशप ऑकलंड या दोन हौशी क्लबांच्या अमॅच्युअर कपच्या अंतिम लढतीला वेम्बलीवर एक लाख लोक होते. ती २-२ सुटली, पुनर्लढतही २-२, आणि तिसऱ्या सामन्यात क्रुक १-० ने जिंकला.

कर्ज, मारामारी, बंदी, फूट हेही लिहायचे का?

लिहायचे. कार्यकारिणीची संमती घ्यायची ती कामाच्या सुरुवातीला, मजकूर झाल्यावर नाही. लेखी नोंद असलेलेच लिहा, हेतूंबद्दल तर्क करू नका, अल्पवयीन खेळाडूंची आणि आजारपणाची माहिती गाळा.

पुस्तक छापावे की संकेतस्थळ करावे?

आकडे संकेतस्थळावर, कथन पुस्तकात. आकडे सतत सुधारत राहतात, म्हणून ते छापील पानात अडकवू नयेत. वर्तमानपत्रातील फोटोंची परवानगी लेखी घ्या. कात्रण तुमच्या मालकीचे असले तरी फोटोचा हक्क तुमचा होत नाही. एक छापील प्रत आणि संपूर्ण तक्त्यांची प्रत सार्वजनिक ग्रंथालयात द्या. संकेतस्थळाचे नाव एका माणसाच्या खात्यावर न ठेवता क्लबच्या नावावर नोंदवा, आणि नूतनीकरणाची तारीख चिटणिसांच्या वार्षिक कामांत लिहून ठेवा. एकाचा फोन क्रमांक बदलल्यामुळे अख्खे संकेतस्थळ बंद पडू शकते.

छापल्यानंतर चूक सापडली तर?

दुरुस्तीची वेगळी यादी ठेवा: पान, आधीचा मजकूर, नवा मजकूर, पुरावा, तारीख, कुणी कळवले. मूळ तक्त्यात जुना आकडा पुसू नका, शेजारच्या रकान्यात सरकवा. कळवणाऱ्याला उत्तर द्या, दुरुस्ती मान्य नसली तरी कारणासह. असे पत्र लिहिणाऱ्यांच्या घरी बहुधा आणखी कागद असतात.